मेंदूच्या लहरी, पडद्यावरचा हात आणि माझे मनगट

मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने माझी उजवी बाजू लुळी पडली. वर्षभराच्या व्यायामाने पाय बराच सावरला. हात मात्र कोपरात आखडलेला आणि मूठ मिटलेली, अशाच अवस्थेत राहिला. तेव्हा आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी एका रुग्णालयात मेंदू आणि संगणक यांच्या जोडणीवर चाललेल्या संशोधनाची माहिती दिली. घरच्यांचा पहिला प्रश्न ‘डोक्यात चिप बसवणार का?’ असा होता. तसे काही नव्हते. डोक्यावर फक्त ईईजीची, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरी बाहेरून टिपणारी, टोपी घालायची होती.

निवड होण्यापूर्वी फिट्स येतात का, पेसमेकर आहे का, दिलेल्या सूचना नीट कळतात का, हे तपासले गेले. संमतीपत्र मराठीत होते. उपयोग होईलच याची हमी नाही आणि कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडता येईल, ही त्यातील दोन कलमे मी घरच्यांना मुद्दाम वाचून दाखवली.

हात हलवताना, किंवा हलवण्याची नुसती कल्पना करतानाही, मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागावरील ८ ते १३ हर्ट्झच्या (सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या) लहरींचा जोर कमी होतो. उजव्या हातासाठी हा बदल प्रामुख्याने डाव्या बाजूला, टोपीवरील सी-३ नावाच्या जागेभोवती दिसतो. संगणकाने तो टिपला, की पडद्यावरचा आभासी हात मनगट उचलतो आणि त्याच क्षणी कोपर आणि मनगट यांमधल्या स्नायूंवर लावलेल्या पट्ट्यांतून सौम्य विद्युतप्रवाह जाऊन खरे मनगटही उचलले जाते. मनातील प्रयत्न आणि हाताकडून परतणारी संवेदना यांची वेळ जुळावी, यासाठी हा सारा खटाटोप असतो.

प्रत्येक वेळी टोपीच्या छिद्रांतून बोथट सुईच्या सिरिंजने जेल भरले जाई. (ते वाळल्यावर एका हाताने केस धुणे हाही एक व्यायामच आहे!) दात आवळले किंवा पापण्या मिचकावल्या, तरी पडद्यावरच्या रेषा उसळत, त्यामुळे जबडा सैल सोडून बसावे लागे. बाण डावीकडे दिसला तर डाव्या, उजवीकडे दिसला तर उजव्या मनगटाची हालचाल मनात करायची. सुरुवातीला साठ टक्क्यांच्या आसपास गुण पाहून मुलगा खूश झाला. पण दोनच पर्याय असताना नाणेफेकीनेही निम्मी उत्तरे बरोबर येतात, हे तंत्रज्ञांनी स्पष्ट केले.

गुण वाढले ते मॅडमच्या एका सूचनेमुळे. हात हलताना ‘पाहू’ नका, तो हलवताना जे जाणवते ते आठवा, असे त्या म्हणाल्या. मी बँकेत होतो. पासबुकावर शिक्का मारण्यापूर्वी मनगट उचलले जाते, तेव्हा हाताच्या वरच्या बाजूला बसणारा ताण आणि मुठीतील लाकडी दांड्याचा गुळगुळीतपणा मी आठवू लागलो. त्यानंतर पडद्यावरचा हात पुष्कळदा माझे ऐकू लागला. थकव्याच्या दिवशी मात्र तो ढिम्म राही आणि अशा दिवशी सत्र लांबवण्यात काही अर्थ नसे.

ब्राझीलमध्ये मेंदूसंशोधक मिगेल निकोलेलिस यांच्या गटाने मज्जारज्जूची इजा झालेल्या आठ जणांना आभासी सराव आणि यांत्रिक चालणे यांचे प्रशिक्षण वर्षभर दिले. त्यांच्यात काही संवेदना आणि स्नायूंवरील थोडा ताबा परत आल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची बातमी नातेवाईक मला उत्साहाने पाठवत. परंतु त्या आठ जणांचा आजार वेगळा होता, जोडीला फिजिओथेरपीही होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. माझ्या बाबतीतही व्यायाम सुरूच होते, त्यामुळे सुधारणेचे सगळे श्रेय मी टोपीला देत नाही.

आता विद्युतप्रवाहाशिवाय मनगट टेबलावरून थोडे उचलता येते आणि अंगठा बाजूला होतो, त्यामुळे स्टीलचा पेला हातात सरकवून धरता येतो. तो सोडवायला अजून डावा हात लागतो. ते यंत्र घरी मिळत नाही. म्हणून मॅडमनी स्नायूंना प्रवाह देणारे छोटे उपकरण वापरायला शिकवले आहे; त्याचा प्रवाह सुरू होण्याच्या बेतात असताना मनगट उचलण्याचा प्रयत्न मी स्वतः करायचा, अशी त्यांची अट आहे.