दहावं नाव

आमच्या सकाळच्या बॅडमिंटनच्या ग्रुपात सात जण आहेत आणि सातही जण राष्ट्रीय निवड समितीवर आहेत. निदान साडेसातला कोर्ट सोडून समोरच्या अमृततुल्यात शिरल्यापासून आठ वाजेपर्यंत तरी. भारताचा संघ जाहीर झाला की त्या दिवशी चहाची दुसरी फेरी ठरलेली.

"महाराष्ट्राचं कुणीच कसं नाही?" हा देशपांडे काकांचा कायमचा प्रश्न.

"काका, चिराग शेट्टी आहे की. मुंबईचा."

"मुंबई वेगळी," असं म्हणून काका क्रीमरोल बुडवतात.

मी या चर्चेत फारशी बोलत नाही. लोकांना वाटतं, मी शिष्ट आहे. खरं कारण असं की या सातांत खऱ्याखुऱ्या निवड समितीच्या खुर्चीवर बसलेली मी एकटीच. राष्ट्रीय वगैरे अजिबात नाही. मुलींच्या सतरा वर्षांखालच्या एका संघासाठी, एका दुपारपुरती. पण त्या दुपारनंतर मला कुठल्याही निवड समितीला शिव्या घालता आलेल्या नाहीत. त्यांची बाजूही घेता आलेली नाही.

आधी मोठ्या संघाचं सांगते. 2022 च्या मे महिन्यात बँकॉकला आपण थॉमस कप, म्हणजे पुरुषांची सांघिक जागतिक स्पर्धा, जिंकलो, तो रविवार पुण्यात अनेक घरांत दुपारच्या झोपेशिवाय गेला. यावरून त्या दिवसाचं महत्त्व कळावं. इंडोनेशियावर 3-0. लक्ष्य सेन पहिला गेम 8-21 हरला आणि मग त्यांच्या गिंटिंगला घेऊन बसला, मग सात्त्विक-चिरागची डबल्स जोडी, मग श्रीकांत. पेपरात या चौघांचे फोटो आले. पण त्या संघात दहा जण होते. अंतिम सामन्यात ज्यांची रॅकेट बॅगेतच राहिली, त्यात प्रणॉयसुद्धा होता, आणि प्रणॉय नसता तर अंतिम सामनाच नसता.

थॉमस कपच्या एका लढतीत तीन सिंगल्स आणि दोन डबल्स असतात. सिंगल्सचा क्रम आपल्या मनाने लावता येत नाही, जागतिक क्रमवारीनेच लावावा लागतो. म्हणजे तुमचा एक नंबरवाला त्यांच्या एक नंबरवाल्याला भिडणार. त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत लक्ष्यसमोर मलेशियाचा ली झी जिया, उपांत्य फेरीत डेन्मार्कचा ॲक्सेलसन. दोन्ही वेळा तो हरला. दुसरी डबल्स जोडी, कृष्णप्रसाद आणि विष्णुवर्धन, तीही दोन्ही वेळा हरली. दोन्ही लढती 2-2 वर आल्या आणि पाचव्या सामन्याला प्रणॉय उतरला. डेन्मार्कच्या गेमकेविरुद्ध तर पाय घसरून घोटा दुखावला, पहिला गेम गेला, आणि तरी 13-21, 21-9, 21-12.

काका म्हणतात, प्रणॉय ग्रेट. आहेच. पण मी निवडीच्या अंगाने बघते तेव्हा मला तिसऱ्या सिंगल्सची जागा दिसते. तिथे समोर येतो तो दुसऱ्या देशाचा तिसरा खेळाडू. पहिल्या खेळाडूंमध्ये उन्नीस-बीसचा फरक असतो, तिसऱ्यांमध्ये दहा-वीसचा असू शकतो. सांघिक स्पर्धा तिथे जिंकल्या जातात. आणि ही गोष्ट यादी करणाऱ्याला स्पर्धेच्या आधी कळावी लागते, टीव्हीसमोर बसून कळून उपयोग नाही.

गंमत बघा. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेला जो संघ गेला, त्यात हाच प्रणॉय नव्हता. लोकांना हे आजही कळत नाही. राष्ट्रकुलची सांघिक स्पर्धा मिश्र असते: पुरुषांचं एक सिंगल्स, महिलांचं एक, आणि तिन्ही प्रकारची डबल्स. तिथे तिसऱ्या सिंगल्सवाल्याला खेळायला जागाच नाही. म्हणून ज्या यादीवर आपण चहा पिता पिता तुटून पडतो ती 'देशातले सर्वोत्तम दहा' अशी नसतेच मुळी. ती त्या स्पर्धेच्या कपड्यावर बेतलेली असते. दहापैकी आठ-नऊ नावं तर दहा मिनिटांत होतात, कुणीही लिहील. उरलेल्या नावाला संध्याकाळ जाते.

मग ते उरलेलं नाव कसं काढायचं? त्या वर्षी आपल्याकडे जागतिक क्रमवारीत पहिल्या पंधरात असलेल्यांना थेट घेतलं आणि बाकीच्यांसाठी एप्रिलमध्ये दिल्लीत ट्रायल्स झाल्या. ऐकायला एकदम निर्मळ. पण क्रमवारी म्हणजे गेल्या 52 आठवड्यांतल्या तुमच्या सर्वांत चांगल्या दहा स्पर्धांचे गुण. ज्याच्याकडे परदेशी जायला पैसे आहेत, तो वर्षात वीस स्पर्धा खेळून त्यातल्या दहा चांगल्या काढतो. ज्याला आठच परवडतात त्याच्या आठच्या आठ मोजल्या जातात, वाईट दिवसासकट. ट्रायलचं दुखणं वेगळं. ती चार-पाच दिवसांची, आणि त्या चार-पाच दिवसांत ताप येऊ शकतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी स्वतः कॉलेजात असताना राज्याच्या एका ट्रायलला गेले होते. वडिलांच्या बजाज स्कूटरवर मागे, मांडीवर रॅकेट, नारायण पेठेतून निघालो तेव्हा अंधार होता. तेव्हा मुलींचं सिंगल्स अकरा गुणांचं, आणि सर्व्हिस तुमची असेल तरच गुण. सगळी तयारी मी नायलॉनच्या शटलवर केलेली, कारण पिसांची डबी घरी सणासुदीला यायची. ट्रायलला अर्थातच पिसांचं. नायलॉनचं शटल शेवटपर्यंत पळतं, पिसांचं शेवटी एकदम दम टाकून खाली येतं. माझे सगळे ड्रॉप जाळीच्या अलीकडे पडत राहिले. जिला त्या वर्षी तीनदा हरवलं होतं, तिच्याशी मी अर्ध्या तासात हरले. परतताना वडील एक अक्षर बोलले नाहीत, फक्त लक्ष्मी रोडला थांबून मस्तानी पाजली. पुढच्या वर्षी डबल्समधून संघात आले, ती गोष्ट वेगळी.

शटलवरून आठवलं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे हवा विरळ, त्यामुळे मुंबईत बरोबर पडणारं शटल पुण्यात लांब जातं. मुंबईची पोरं आपल्याकडे पहिल्या दिवशी हमखास बेसलाइनच्या बाहेर मारतात. म्हणून सामन्याआधी शटल तपासतात: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारायचं, ते समोरच्या मागच्या रेषेच्या 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. शटलसाठी असं माप आहे. खेळाडूसाठी नाही. 1870 च्या दशकात इथल्याच छावणीत गोऱ्या अंमलदारांनी या खेळाचे नियम मांडले, खेळाला 'पूना' असंच म्हणायचे. पुण्यात येऊन नियम न लावता राहणं त्यांनाही जमलं नसणार. पण निवडीचा नियम तेवढा तेही करून गेले नाहीत.

तर ती माझी दुपार. 2011 चा पावसाळा होता. समितीत आम्ही तिघं. एक निवृत्त पी.टी.चे सर, एक जुने पंच, आणि मी. आंतरजिल्हा स्पर्धा, दोन सिंगल्स आणि एक डबल्स, पाच मुली न्यायच्या. चार नावं चहा यायच्या आत झाली. दोन सिंगल्सवाल्या पक्क्या, डबल्सची एक जोडी पक्की. पाचवी कोण?

एक होती रँकिंगमध्ये तिसरी. उंच, मागून कडक स्मॅश, घरचं सगळं नीट, वडील प्रत्येक सामन्याला. दुसरी हडपसरकडची, बुटकी, डावखुरी, सिंगल्समध्ये नववी की दहावी. दोन बस बदलून यायची. पण डबल्सला तिला कुणाहीबरोबर उभं करा, दहा मिनिटांत ती जोडी वाटायची. मी तिला दोन दिवस बघत होते. पार्टनरची सर्व्हिस जाळीत गेली की बहुतेक मुलींचा चेहरा पडतो, किंवा मुद्दाम न पडलेला असतो, जे त्याहून वाईट. ही पटकन पुढे जाऊन शटल उचलायची आणि पिसं सरळ करत करत पार्टनरला काहीतरी सांगायची. काय, ते ऐकू आलं नाही. पार्टनर हसायची. शिवाय डावखुरेपणाचा फायदा होताच. पिसांच्या मांडणीमुळे शटल एकाच दिशेने फिरतं, म्हणून डाव्या हाताचा कट वेगळाच वागतो. समोरच्या मुली गोंधळतात.

पंच म्हणाले, "राखीव म्हणून डावखुरी घेऊ."

सर म्हणाले, "आणि तिसरीच्या वडिलांना काय सांगायचं? नववीला का घेतलं?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. वडील खाली पार्किंगमध्ये ॲक्टिव्हावर बसलेले खिडकीतून दिसत होते, पावसात, रेनकोट घालून. मला त्या माणसाला तोंड द्यायचं नव्हतं. "रँकिंगप्रमाणे जाऊ," मी म्हटलं. कागदावर दाखवता येतं ना.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या फेरीत सराव करताना डबल्सच्या एकीचा पाय मुरगळला. आमची तिसरी सिंगल्सवाली तिच्या जागी उतरली. बिचारीने जीव तोडून खेळ केला, पण दोघींच्या मधोमध आलेल्या शटलवर दोघीही धावायच्या नाहीतर दोघीही थांबायच्या. दुसऱ्या गेममध्ये तर रॅकेटवर रॅकेट आपटली. एक सिंगल्स जिंकलो होतो, एक हरलो होतो. डबल्स गेलं आणि लढत गेली. कुणीही मला बोललं नाही. निवड रँकिंगप्रमाणे होती.

डावखुरी संघात असती तर जिंकलो असतो का? देव जाणे. त्या दिवशी समोरची जोडी चांगलीच होती. माझी टोचणी हरण्याची नाही. मला उत्तर माहीत होतं आणि मी ते कागदाच्या मागे लपवलं, ती आहे.

नंदू नाटेकर शेवटची वर्षं पुण्यातच होते. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय, 1956 ला, मलायात. थॉमस कपमध्ये त्यांनी 16 पैकी 12 सिंगल्स जिंकली. 2021 च्या जुलैत ते गेले आणि पुढच्या दहा महिन्यांत आपण तो कप जिंकला, हे मला अजून चुटपुट लावतं. मी त्यांना एकदाच जवळून बघितलंय, एका बक्षीस समारंभात. पोरींचा खेळ संपेपर्यंत खुर्चीत पुढे सरकून बसले होते. शेजारी पाहुणे फोनवर. मला तेव्हा वाटलं होतं, असा माणूस निवड समितीवर हवा, ज्याला सामना चालू असताना दुसरं काही सुचत नाही. आता वाटतं तेवढ्याने भागत नाही. खाली पार्किंगमध्ये कोण बसलंय, त्याच्याकडे न बघण्याची ताकदही लागते.

गेल्या डिसेंबरात बाणेरला भाचीबरोबर एका भाड्याच्या कोर्टवर गेले होते. रात्रीचे नऊ, शेजारच्या कोर्टवर हिंजवडीतून सुटलेली आयटीची मंडळी. त्यांना चौथं माणूस कमी पडत होतं, मला बोलावलं. माझ्या बाजूला जी उभी राहिली ती बुटकी, डावखुरी. चौदा वर्षं झाली होती, पण पिसं सरळ करायची लकब तीच.

"मॅडम, तुम्ही! मागे तुम्ही राहा, पुढचं मी बघते," ती म्हणाली. बस. माझ्या गुडघ्यांनी नको म्हणायच्या आत आम्ही 21-16 ने जिंकलो होतो. एकदा माझी सर्व्हिस जाळीत गेली तेव्हा ती जवळ येऊन काय पुटपुटते, हेही मला अखेर कळलं. "समोरच्या दादाची पँट बघा."

पाणी पिताना मला राहवलं नाही. म्हटलं, "2011 ची ती निवड आठवते का गं? मी होते समितीवर."

तिने बाटली खाली ठेवली, जरा विचार केला. "कुठली, मॅडम? मला तर पाच-सहा वेळा वगळलंय." आणि शटल घेऊन मागच्या रेषेवर गेली. "चला, अजून एक गेम. सर्व्हिस तुमची."