वचन कुणीतरी समजावून सांगेल याची वाट बघत बसू नका

मैत्रिणींनो, आजचं जरा लांब झालंय, पण मनापासून लिहिलंय, निवांत वाचा.

आपल्यातल्या कितीतरी जणी प्रार्थनेत पक्क्या असतात, उपास करतात, कुणी आजारी पडलं की सगळ्यात आधी पोचतात, मंडळीची निम्मी कामं त्यांच्या जिवावर चालतात, पण बायबलमधलं एखादं अख्खं पुस्तक स्वतः वाचायचं म्हटलं की लगेच "अगं ते मला कुठं कळणार, ते पास्टरांचं काम". हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. कारण बायबलमधल्या बायका अशा नव्हत्या.

हुल्दा या संदेष्टीचं बघा ना, २ राजे २२ वा अध्याय. योशिया राजाच्या काळात मंदिराची दुरुस्ती चालू असताना नियमशास्त्राचं पुस्तक सापडतं, राजा ते ऐकून आपले कपडे फाडतो आणि परमेश्वराला विचारून या म्हणून माणसं पाठवतो, त्यात मुख्य याजक हिल्कीया आहे, चिटणीस शाफान आहे, आणि ही सगळी मोठी माणसं जातात कुणाकडे तर हुल्दाकडे. यिर्मया संदेष्ट्याला संदेश द्यायला लागून तेव्हा पाच वर्षं झाली होती बरं का, म्हणजे दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिला विचारलं असं काही नाही. त्या पुस्तकातलं वचन खरं होणार आहे हे तिने ठामपणे सांगितलं आणि राजाने ते मानलं. प्रिस्किल्लाही तशीच. अपुल्लोस नावाचा प्रचारक शास्त्रात चांगला तयार होता, बोलायलाही जोरदार, तरी तिने आणि तिचा नवरा अक्विलाने त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग आणखी नीट समजावून दिला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). आणि मार्थेची बहीण मरीया प्रभूच्या पायांशी बसून ऐकत होती, ती जागा शिष्याची, पौल पण आपल्या गुरूच्या, गमलिएलच्या पायांशी शिकलो असंच म्हणतो. प्रभूने तिला तिथून उठवलं नाही, उलट तिने निवडलेलं तिच्यापासून काढून घेतलं जाणार नाही असं सांगितलं.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. आपण वचनं सुटी सुटी घेतो. सकाळी मोबाईलवर फुलांच्या फोटोवर एक वचन येतं, आमेन लिहून पुढे पाठवलं की झालं डिव्होशन. यिर्मया २९:११ तर सगळ्यांना पाठ आहे, तुमच्यासाठी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत ते. पण ते कुणाला लिहिलंय? बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेलं ते पत्र आहे, आणि त्याच्या अगदी आधीच्या वचनात देव म्हणतो सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगत होता, लोकांना आवडणारंच, आणि ते खोटं होतं. म्हणजे हे वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यातले कितीतरी जण बाबेलमध्येच मरणार होते, आणि तरी देवाने त्यांना सोडलेलं नव्हतं. जिचा नवरा गेलाय किंवा जिचं आजारपण संपतच नाहीये तिला हे अख्खं पत्र वाचून जो आधार मिळेल तो त्या एका ओळीने कसा मिळणार, सांगा बरं.

नीतिसूत्रे ३१ मधल्या सद्गुणी स्त्रीचं पण तेच. त्यावर संदेश ऐकून किती बायका मान खाली घालून घरी जातात, मी अशी नाहीच, पहाटे उठत नाही, एवढं जमत नाही. पण अध्यायाची सुरुवात वाचा, ते लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेलं आहे. ८ व्या आणि ९ व्या वचनात ती त्याला सांगते की ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड, गरिबांना न्याय दे, आणि पुढे १० व्या वचनापासून हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर एकेक वचन असलेली कविता आहे, जिचा शेवट त्या बाईचं कौतुक करा असा होतो. ही तपासणीची यादी नाहीये गं.

मग सुरुवात कुठून करायची? वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा प्लॅन घेऊन लेवीय पुस्तकात अडकण्यापेक्षा फिलिप्पैकरांस पत्र घ्या, चारच अध्याय, एका बैठकीत होतात, दुसऱ्या दिवशी तेच परत वाचा, आणि कोण कुणाला लिहितंय, का लिहितंय, आधी काय म्हटलंय एवढंच बघत जा. ४:१३ च्या (मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सगळं करू शकतो, ते वचन) आधी पौल भुकेबद्दल आणि टंचाईबद्दल बोलतोय हे आपोआप दिसेल. मग रूथ, तेही चारच अध्याय, मग मार्क. लहान बाळ असेल, डोळे त्रास देत असतील, वाचायची सवय नसेल तर ऑडिओ बायबल लावा, ऐकणं कमी दर्जाचं अजिबात नाही. प्रभूची आई मरीया जे स्तुतिगीत गाते त्यात शमुवेलची आई हन्ना हिच्या प्रार्थनेचे किती शब्द आणि विचार आहेत (लूक १ आणि १ शमुवेल २ शेजारी ठेवून बघा), आणि तिच्या घरी काही शास्त्राची स्वतःची गुंडाळी असेल असं मला वाटत नाही, ऐकून ऐकूनच तिच्या मनात ते भरलेलं असणार.

दोघी तिघी मिळून वाचलंत तर आणखी चांगलं, पण त्या वेळेत वाचनच करा, बाकी गप्पा नंतर. जे कळलं नाही ते वहीत लिहा आणि पास्टरांना सरळ विचारा, बिचकू नका. बिरुया शहरातले लोक पौलाचं बोलणं सुद्धा रोज शास्त्रात तपासून बघत होते, आणि त्यातून विश्वास ठेवणाऱ्यांमध्ये प्रतिष्ठित ग्रीक स्त्रिया पण होत्या, प्रेषितांची कृत्ये १७:१२ मध्ये लूकने ते आवर्जून लिहून ठेवलंय.