नमुना 'ब' आणि सरड्याची चरबी

बागेतल्या सरड्याच्या मादीच्या पोटात, मागच्या पायांजवळ, पिवळसर चरबीच्या दोन लांबट पिशव्या असतात. त्यांना मेदपिंड म्हणतात. वीण आटोपल्यावर त्या भरतात आणि पुढच्या हंगामात अंड्यांत बलक साठू लागला की ओसरतात. धारवाडला झालेल्या अभ्यासात या सरड्याचा विणीचा काळ मे ते ऑक्टोबर असा नोंदला आहे. त्यामुळे पीएच.डी.साठी मला मार्चपासूनच मोजमाप सुरू करणे भाग होते.

प्राणी वापरण्याच्या परवानगीसाठी संस्थेच्या नैतिकता समितीकडे मी जानेवारीत नमुना 'ब' भरून दिला. दरमहा सहाच माद्या का, हा पहिला आक्षेप रास्त होता आणि त्याचे उत्तर मी आठवड्यात दिले. त्यानंतर मात्र सारे अडले. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीने नेमलेला सदस्य हजर नसेल तर बैठक होत नाही, आणि फेब्रुवारीत त्यांना वेळ नव्हता. मार्चमध्ये लेखापरीक्षण आले. एप्रिलमध्ये अर्ज एकदाचा टेबलावर आला, तर लिपिकांनी दाखवले की पहिल्या पानावर 'गार्डन लिझर्ड' आहे आणि तिसऱ्या पानावर 'कॅलोटिस व्हर्सिकलर', म्हणजे प्राणी दोन, तेव्हा अर्जही दोन लागतील. दोन्ही नावे एकाच सरड्याची आहेत हे पटवून देण्यासाठी मला विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र आणावे लागले. ते पत्र पुढच्या बैठकीपर्यंत फाइलमध्ये पडून राहिले आणि मंजुरी हाती आली ती १९ जुलैला. तोवर कुंपणावरचे नर गळा लाल करून माना हलवत होते, आणि मी रोज त्यांच्यासमोरून समितीच्या कार्यालयात जात होते.

पहिल्या मादीच्या पोटात कवच धरलेली चौदा अंडी निघाली. मेदपिंडाच्या जागी सुतळीच्या तुसासारखे दोन पिवळे धागे उरले होते. ज्यासाठी सहा महिने थांबले, ते बलकात जाऊन बसले होते.

म्हणून अर्ज आदल्या सप्टेंबरातच द्यावा, शास्त्रीय नाव सर्व पानांवर एकच लिहावे आणि कोणत्या महिन्यात नमुने हवेत ते कारणासह नमूद करावे. कारण देताना मला १९६५चा हान आणि टिंकल यांचा प्रयोग उपयोगी पडला: अमेरिकेतल्या 'यूटा' (Uta) प्रजातीच्या सरड्यांच्या माद्यांचे मेदपिंड काढले, तेव्हा त्यांच्या अंडाशयातील अंड्यांची वाढ खुंटली. मेदपिंड ताजे असतानाच तोलावेत, कारण अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्यातली चरबी हळूहळू विरघळते. पालींवर काम करणाऱ्यांनी शेपूट तुटलेले प्राणी वगळावेत. पालीची बरीचशी चरबी शेपटीतच असते.

वनविभागाची परवानगी मात्र विनासायास मिळाली होती. तिची मुदत आधी पाहून ठेवावी. माझी ३१ जुलैला संपत होती.