डबीची मागची बाजू

"ताई, पीईजी-फ्री आहे, समोरच लिहिलंय की," दुकानातली मुलगी म्हणाली. पीईजी म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, क्रीममध्ये घालतात ते एक रसायन. भाचीच्या चिरा पडलेल्या हातांसाठी क्रीम घेत होते. डबी उलटली, तर मागे मुंगीएवढ्या अक्षरांत: सेटिअरेथ-20.

हा पीईजीचाच भाऊबंद. इथिलीन ऑक्साइडपासून बनणारा; 20 म्हणजे त्याचे सरासरी तेवढे घटक जोडलेले. बनवताना 1,4-डायऑक्सेन, म्हणजे कर्करोगाचा संशय असलेलं रसायन, अंशाने मागे राहू शकतं. नीट शुद्धीकरण केलं तर बहुतेक निघूनही जातं, पण ते केलंय का, हे डबीवर कुठे असतं?

धडधाकट कातडीला एवढं घाबरायला नको, मान्य. चिरलेल्या हातांवर मात्र नकोच वाटलं. सरळ भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा, गोळा आणला.

पण घाईत असलेल्या बाईने समोरच्या ठळक अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही का?