हॅमस्टरचं सळ्या कुरतडणं थांबवताना : माझा अनुभव

हॅमस्टर पिंजऱ्याच्या सळ्या कुरतडायला लागला की प्रत्येक जण आधी लाकडाचा तुकडा आणून टाकतो. मीही तेच केलं. पेरूची फांदी, रंगीत ठोकळे, कॅल्शियमचा दगड, सगळं कोपऱ्यात पडून राहिलं आणि रात्री अकराचा टकटकाट चालूच. हॅमस्टरचे पुढचे चार दात आयुष्यभर वाढतात हे खरं, पण ते एकमेकांवर घासून आणि रोजच्या खाण्यात झिजतात. त्यासाठी लोखंड लागत नाही. ज्या जागेत खणायला, धावायला, शोधायला काही नाही तिथून बाहेर पडायचा तो प्रयत्न असतो आणि पुढे त्याचीच सवय जडते.

तरीही सुरुवात दातांपासूनच करावी, म्हणजे एक शंका मिटते. धरून तोंड उघडायच्या भानगडीत पडू नका. चमच्याच्या टोकाला थेंबभर दही लावून तोंडासमोर धरा. चाटताना दात नीट दिसतात. पिवळे-नारिंगी दिसले तर घाबरायचं कारण नाही, हॅमस्टरच्या दातांवरच्या आवरणात लोह असतं आणि तोच निरोगी रंग आहे. खालचे दात वरच्यांपेक्षा लांब असतात, तेही बरोबरच. एक दात तुटलेला, वाकडा वाढलेला, हनुवटी लाळेने ओली किंवा आठवड्यात वजन उतरलेलं दिसलं, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून छोटे प्राणी पाहणाऱ्या व्हेटकडे जायचं. वजनासाठी किचनचा डिजिटल काटा पुरतो. आमची सोनेरी, म्हणजे सिरियन मादी 130 ग्रॅमच्या आसपास असते. नाकाच्या वरच्या बाजूचे केस उडून गुलाबी पट्टा दिसत होता, तो सळ्यांमध्ये नाक घासल्याचा.

मग चार रात्री नुसतं बघितलं. जुना मोबाइल चार्जरला लावून पिंजऱ्यासमोर ठेवला आणि सकाळी कॅलेंडरवर वेळा लिहिल्या. त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, कुरतडणं नेहमी दाराजवळच्याच सळ्यांवर. दुसरी जरा लाजेची. टकटक सुरू झाली की घरातलं कुणीतरी उठून सूर्यफुलाची बी द्यायचं. म्हणजे आम्हीच तिला शिकवलं होतं की सळी वाजवली की माणूस येतो.

मोजमाप काढल्यावर पिंजऱ्याची खरी अवस्था कळली. दुकानांत सर्रास मिळतो तो 47 बाय 30 सेंटिमीटरचा, म्हणजे 1410 चौरस सेंटिमीटर. खालचा ट्रे पाच सेंटिमीटर खोल. वर दोन मजले, रंगीत नळी आणि 14 सेंटिमीटरचं चाक. मजले जागेत धरायचे नाहीत, हॅमस्टर चढणारा प्राणी नाही, खणणारा आहे. सीरियात जंगली सोनेरी हॅमस्टरची बिळं मोजली गेली तेव्हा ती 36 ते 106 सेंटिमीटर खोल भरली. आपण त्याला पाच देतो.

स्वित्झर्लंडमध्ये यावर दोन नेमके प्रयोग झालेत. 2006 च्या प्रयोगात 10, 40 आणि 80 सेंटिमीटर खोल बेडिंग, म्हणजे तळाला भरायचा भुसा वगैरे, देऊन पाहिलं. 10 वाल्यांनी सळ्या सर्वांत जास्त कुरतडल्या, 80 वाल्यांत एकदाही नाही. 2007 मध्ये 1800, 2500, 5000 आणि 10000 चौरस सेंटिमीटरचे पिंजरे तुलनेला घेतले. लहान पिंजऱ्यांत कुरतडणं जास्त वेळा आणि जास्त वेळ चाललं, पण 10000 मध्येही पूर्ण बंद झालं नाही. दोन्ही एकत्र वाचलं की पैसे कुठे घालायचे ते कळतं: आधी बेडिंगची खोली, मग पिंजऱ्याची लांबी-रुंदी, आणि खेळणी सर्वांत शेवटी.

आता मुंबईच्या घरात 10000 सोडाच, 5000 चौरस सेंटिमीटर तरी आणायचे कुठून? मला माशांचा चार फुटी टँक सर्वांत सोयीचा वाटला. सळ्याच नाहीत, खोल बेडिंग मावतं, आणि कुर्ल्याच्या फिश मार्केटमध्ये टँक मापावर बनवून मिळतो. 4 बाय दीड फूट, म्हणजे 122 बाय 46 सेंटिमीटर, 5612 चौरस सेंटिमीटर झाले. पाणी भरायचं नसल्याने सहा मिलिमीटरची काच भरपूर होते. वजन मात्र नुसत्या काचेचंच साधारण 32 किलो, दोन माणसं लागतात. उंची मी दीड फूट सांगितली आणि तिथे चुकले, दोन फूट सांगायला हवी होती. का ते पुढे येतंच.

टँक नको असेल तर 130 लिटरचा पारदर्शक स्टोरेज बॉक्स चालतो. जागा थोडी कमी मिळते, पण एकट्याला उचलता येतो. झाकणाचा मधला भाग जवळजवळ पूर्ण कापून जाळी बसवायची. दोन-चार भोकं पाडून भागत नाही, आपल्या दमट हवेत आतून पाणी सुटतं. आतल्या बाजूला कुठे धार किंवा कंगोरा राहिला तर दात तिथूनच सुरुवात करतात.

टँकच्या झाकणासाठी एक इंची लाकडी पट्टीची चौकट आणि अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे जोडांवर वेल्ड केलेली तारेची जाळी. नागदेवी स्ट्रीटला जाळी फुटावर कापून मिळते. जाळी चौकटीच्या खालच्या, म्हणजे हॅमस्टरच्या बाजूने ठोकायची, नाहीतर लाकूडच पोखरलं जातं. कापलेली टोकं कानसने घासून वर वळवायची. ड्वार्फ किंवा रोबो या लहान जातीचा हॅमस्टर असेल तर पाव इंची जाळीच घ्या, अर्ध्या इंचातून ते अंग काढू शकतात.

बेडिंगचा हिशेब आधी करा. मी खोल भाग 80 सेंटिमीटर लांब ठेवला आणि उरलेला 42 चा उथळ. 80 गुणिले 46 गुणिले 30 म्हणजे 110 लिटर, उथळ भागात आठ सेंटिमीटरने अजून 15. पिशवीवर दाबलेलं आणि फुगवलेलं असे दोन आकडे असतात, फुगवलेला धरायचा. कागदी बेडिंग सर्वांत चांगलं पण महाग, म्हणून निम्मं कागदी, निम्मा ॲस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा आणि मध्ये दोन-तीन मुठी टिमोथी गवत. सुताराकडचा फुकटचा भुसा घेऊ नका. त्यात प्लायचा गोंद असतो आणि बारीक धूळ हॅमस्टरच्या छातीत जाते. कॉर्नकॉबचे, म्हणजे मक्याच्या बुरकुंडाचे, दाणे दिसायला स्वच्छ, पण त्यात बोगदा उभा राहत नाही आणि जुलैत बुरशी येते. कापूस तर नकोच, पायाला धागा गुंडाळला की बोट जातं.

भरताना नुसतं ओतलं तर बोगदे ढासळतात. आठ सेंटिमीटर भरा, तळहाताने घट्ट दाबा, गवताचा पातळ थर द्या, पुन्हा आठ. गवत बोगद्याच्या छताला धरून ठेवतं. जड वस्तू बेडिंगवर ठेवायची नाही. मातीचं मडकं, कडाप्प्याचा तुकडा, चाक, यांतली प्रत्येक गोष्ट टँकच्या तळाला टेकलेल्या पायांवर उभी हवी. खालून पोखरलं गेलं आणि मडकं खचलं, तर खाली हॅमस्टर असतो.

चाकाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण दुकानदार इथेच सर्वांत जास्त फसवतात. सिरियनला 28 सेंटिमीटर व्यासाचं चाक लागतं, ड्वार्फला 20 चालतं. धावताना पाठ सरळ राहिली पाहिजे, धनुष्यासारखी वाकली तर चाक लहान. धावपट्टी सलग हवी, दांड्यांची नको, त्यात पाय अडकतो. माझं चाक स्टँडसकट 30 सेंटिमीटर, खाली आठ सेंटिमीटरचा प्लायचा पाट, म्हणजे 38. टँक 46. वर राहिले आठ. दुसऱ्याच रात्री बाई चाकावर चढून झाकणाच्या जाळीला लोंबकळल्या आणि कुरतडणं तिथे सुरू. त्या बाजूची जाळी काढून तीन मिलिमीटर ॲक्रिलिकचा सपाट तुकडा बसवला. दाताला धरायला कडा मिळाली नाही, प्रश्न संपला. खोल भागातही तीच अडचण होती. 30 सेंटिमीटर बेडिंगवर मागच्या पायांवर उभी राहिली की नाक जाळीला टेकायचं. म्हणून 25 वर आणलं, वर 21 मोकळे ठेवले. टँक दोन फूट उंच असता तर दोन्ही वेळची धावपळ वाचली असती.

उथळ भागात पसरट ट्रेमध्ये वाळू, तीन सेंटिमीटर. बांधकामाची क्रश सँड टोकदार असते, चौपाटीची खारट आणि घाण. नदीची वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, जुन्या कढईत अर्धा तास परतून गार करायची. बऱ्याचदा हॅमस्टर लघवीसाठी तोच कोपरा धरतो आणि सफाई सोपी होते.

खाण्याची वाटी मी काढूनच टाकली. दिवसाचं साधारण दहा ग्रॅम धान्य बेडिंगवर पसरते, थोडं पुरते. बाजरीचं अख्खं कणीस खोचून ठेवलं की एकेक दाणा खुडून गालांत भरताना अर्धा तास जातो. सूर्यफुलाच्या बिया रोज दोन-तीनच.

बाकी काम आपल्या वागण्याचं. टकटक झाली की उठायचं नाही, शुक शुक करायचं नाही, पिंजऱ्यावर टिचकी मारायची नाही. पहिले चार-पाच दिवस आवाज वाढतो, कारण इतके दिवस चाललेला उपाय अचानक चालेनासा झालेला असतो. त्या वेळी हार मानून बी दिली तर पुढच्या वेळी ती दुप्पट वेळ वाजवणार. बाहेर काढायचं ते ती जागी झाल्यावर, कुरतडणं सुरू व्हायच्या आधी. शेजारच्या काकूंनी सळ्यांना लिंबू आणि मिरची चोळायला सांगितलं होतं. त्याने डोळे आणि तोंड भाजतं आणि ती शेजारची सळी धरते.

मोठी जागा येईपर्यंत जुन्याच पिंजऱ्यात दिवस काढायचे असतील तर दाराकडच्या सळ्यांना आतून 15 सेंटिमीटर उंचीची ॲक्रिलिकची पट्टी लावा, क्लिपा बाहेरून. कापड गुंडाळू नका, ते खाल्लं जातं. बसेल तेवढं बेडिंग भरा, मजले काढा, चाक बदला.

सफाईच्या नावाखाली दर रविवारी सगळं उपसणं हे कुरतडण्याचं मोठं कारण आहे. तिचा वास आणि बोगदे एका झटक्यात जातात. रोज ओला कोपरा आणि पुरलेली भाजी काढायची. महिना-दीड महिन्याने बेडिंगचा एक तृतीयांश भाग बदलायचा, बाकी तसंच. पावसाळ्यात मात्र आठवड्यातून एकदा बोटं तळापर्यंत घालून बघते. ओलसर, कुबट लागलं तर तेवढा पट्टा काढायचा. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत. मुंग्यांचा खडू ओढू नका, त्यात कीटकनाशक असतं. मे महिन्यात कडाप्प्याच्या तुकड्यावर ती पोट टेकून पसरते. फार उकडलं तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून काचेच्या बाहेरून लावते.

सहा आठवड्यांनी कॅलेंडर जवळजवळ कोरं झालं. नाकावरचे केस भरून आले. काही खुणा मात्र राहिल्या आणि त्यांत दर चार दिवसांचं अंतर दिसलं. सिरियन मादी दर चार दिवसांनी माजावर येते आणि त्या रात्री तिला चैन पडत नाही, कितीही मोठी जागा द्या. आता त्या रात्री ती काचेच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहून तास-दीड तास खाजवते. मी ती तारीख आधीच खूण करून ठेवते आणि संध्याकाळी बाजरीच्या कणसाचे चार तुकडे करून चार कोपऱ्यांत खोल पुरते.