रसवंतीचा गाडा बोलेरोमागं: माजलगाव ते येरमाळा, धारूर घाटातून

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडाईची, म्हणजे येडेश्वरी देवीची, यात्रा भरते आणि आमच्या नानांची, म्हणजे चुलत्यांची, रसवंती दरवर्षी तिथं लागते. गाडा एरवी ट्रॅक्टरमागं जायचा. यंदा ऐनवेळी ट्रॅक्टर मिळेना, म्हणून माझ्या बोलेरोला जोडला. वाट माजलगाव, तेलगाव, धारूर, केज, कळंब, येरमाळा अशी, शंभर-एकशेदहा किलोमीटर. मी धारूरच्या घाटाची धास्ती घेऊन बसलो होतो आणि घोळ झाला सपाटीवर.

दोन चाकांच्या गाड्यावर बिडाचा चरक, डिझेल इंजिन, बर्फाची पेटी, बाकडी, ताडपत्री आणि उसाच्या मोळ्या. चरक बरोबर चाकांवर बोल्टनं आवळलेला. मोळ्या मागं टाकल्या, कारण मागची फळी उघडली की काढायला सोप्या. तेलगावच्या अलीकडं पन्नास-पंचावन्नचा वेग धरला आणि गाडा झुलायला लागला. आधी जरासा, मग असा की बोलेरोचं बूडसुद्धा त्याच्यासोबत डावीउजवीकडं जायला लागलं. माझा पाय ब्रेककडं निघाला तसे नाना ओरडले, "ब्रेक नको! पाय काढ नुसता, आन स्टेअरिंग सरळ धर!" वेग तिशीला आला तेव्हा गाडा आपोआप गप झाला. त्या वेळी जोरात ब्रेक मारला असता तर मागचं वजन पुढच्या गाडीला ढकलत राहिलं असतं आणि दोन्ही गाड्या मधोमध घडी पडल्यासारख्या दुमडल्या असत्या. झुलणाऱ्या गाड्याला वेग वाढवून सरळ करायचा सल्ला काहीजण देतात, तो अजिबात ऐकू नका.

तेलगावात वजनकाट्यावर नुसता गाडा चढवला: ९२० किलो. मग एका आडत दुकानातला काटा मागून घेतला आणि दांडीचं, म्हणजे गाडा बोलेरोच्या हुकाला जोडायच्या पुढच्या दांड्याचं, टोक हुकाच्या उंचीइतकं वर धरून त्यावर टेकवलं, तर भार फक्त ३० किलो. मोळ्या मागं, दांडी हलकी, म्हणून गाडा झुलत होता. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर यायला हवा, म्हणजे आमच्या गाड्याला साधारण ९२ ते १३८. मोळ्या आणि बर्फाची पेटी चाकांच्या पुढं सरकवली, काटा ११० वर आला. त्यानंतर साठीपर्यंतही गाडा हलला नाही. तासभर गेला, दुकानदारानं दोनदा "हे काय चाललंय?" असं विचारलं. पण या प्रवासात शिकलो ते सगळं त्या तासात. भार याहून जास्तही नको. गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग हाताला लागत नाही आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

दांडीच्या पिनला खालून चाप हवाच. साखळ्या दोन आणि दांडीखालून फुलीसारख्या टाकलेल्या, म्हणजे हूक सुटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांवर पडते. आमची एकच होती, दुसरी तेलगावात घेतली. कायद्यानं ट्रेलर, म्हणजे असा मागं ओढायचा गाडा, हे स्वतंत्र मोटार वाहन आहे, तेव्हा त्याची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो. आणि तुमची गाडी किती ओढू शकते, हा आकडा गाडीच्या पुस्तकात बघा, गल्लीतल्या पैजेत नको.

आता घाट. तेलगाव सोडलं की बालाघाटाची धार समोर उभी राहते. घाट अरुंद, वळणं आखडती, आणि वरून उसाच्या जोडट्रॉल्या कारखान्याकडं उतरत होत्या. नियमानं वाट चढणाऱ्याची. पण भरलेली जोडट्रॉली उतरत असेल तर तिचा ब्रेक लागेल या भरवशावर नियम सांगत बसू नये. आम्ही रुंद जागा दिसली की थांबून त्यांना जाऊ देत होतो. थांबलं की आधी गाड्याच्या चाकामागं दगड, मग हँडब्रेक. तो दगड निघताना उचलून घ्यायचा. रस्त्यात सोडला की मागचा मोटारसायकलवाला त्यावर जातो.

दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. तिसरा टाकायचा मोह दोनदा झाला, दोन्ही वेळा इंजिन धापा टाकायला लागलं. वळणावर गाड्याची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून डाव्या वळणाला थोडं उशिरा वळायचं, नाहीतर आतलं चाक साइडपट्टीवरून खाली उतरतं. सकाळचे दहा, चैत्राचं ऊन. तापमानाचा काटा वर सरकला तसा एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला. आत भट्टी, पण इंजिनाची उष्णता निघते. नाना म्हणाले, "रसवंतीपाशी उभं राहायचंय दिवसभर, ही तर सुरुवात." धारूरला पोचल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही, दोन मिनिटं तसंच चालू ठेवलं. टर्बो असलेल्या गाडीला ते बरं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

केजच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा सवयीनं चाकांच्या हबजवळ हात नेला. उजवा कोमट, डाव्याला बोट टेकवेना. गाडा ज्यानं बनवला त्यानं बेअरिंगला ग्रीस नावापुरतंच लावलं होतं. केजमध्ये हब खोलून, धुऊन, नवं ग्रीस भरून घेतलं. आणखी वीस किलोमीटर गेलो असतो तर चाक जाम झालं असतं. दर तीस-चाळीस किलोमीटरला थांबून हब तपासा. ट्रेलरच्या टायरची हवाही निघण्याआधी थंड टायरवर बघा.

कळंबला मांजरा ओलांडली आणि दुपारी येरमाळ्यात. यात्रेच्या गर्दीत गाडा मागं घेणं हे घाटापेक्षा अवघड. युक्ती एकच: हात स्टेअरिंगच्या तळाशी धरा आणि गाडा जिकडं न्यायचाय तिकडं हात न्या. तरी तीन वेळा चुकलो. माणसं "आजून घ्या, आजून घ्या" म्हणत होती, त्यातलं निम्मं ऐकण्यासारखं नव्हतं. मागं उभं राहायला आपला एकच माणूस ठेवा.

देवीची पालखी आमराईत आली, यात्रेच्या रिवाजाप्रमाणं चुनखडी वेचून झाली, आमचा ऊसही संपला. परतीला एक गोष्ट मी विसरलोच होतो, नानांनी आठवण केली: पुढं ठेवलेल्या मोळ्या आता नाहीत, म्हणजे दांडी परत हलकी. बाकडी, ताडपत्री, पाण्याचे भरलेले दोन ड्रम पुढं घेऊन भार जमवला.

घाट उतरताना खरी परीक्षा. गाड्याला स्वतःचा ब्रेक नाही, सगळं वजन बोलेरोच्या ब्रेकवर. ज्या गिअरमध्ये चढलो त्यातच, दुसऱ्यात, उतरलो. गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, अधूनमधून एकदा नीट दाबून सोडायचा. ब्रेक सलग घासत राहिला की तापतो आणि नेमक्या वळणावर पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही. मधल्या एका वळणावर जळका वास आलाच. रुंद जागी थांबलो, दगड लावला, वीस मिनिटं बसून राहिलो. मागची एक जीप हॉर्न वाजवत निघून गेली.

तेलगावात उतरल्यावर नानांनी दोन्ही हब चाचपले, मान हलवली आणि तीन चहा सांगितले. आम्ही दोघंच होतो. तिसरा आडतवाल्याचा.