तुम्ही विचारलंत म्हणून: धडकी भरवणारा बॅक

"सर, आमचा बाबू उंच आहे, अंगानेही दणकट आहे. त्याला बॅक करा. समोरचे बघूनच गार होतील."

गोव्यातल्या डिचोलीत संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवायला लागल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की कुणाचे वडील स्कूटर लावून मैदानाकडे चालू लागले की मी ते आधीच मनात म्हणून टाकतो. (बॅक म्हणजे मागे राहून समोरच्याला गोलपासून अडवणारा.) बाबू बहुतेक वेळा मागे उभा असतो, शरमून, स्वतःच्या नव्या बुटांकडे बघत. मी म्हणतो, उंचीला कोण घाबरतं? त्यावर ठरलेला प्रश्न येतो: मग समोरचा घाबरतो तरी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी स्वतः कधीच बॅक नव्हतो. बारा-तेरा वर्षं फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा, म्हणून खेळलो, बहुतेक गावागावांच्या टूर्नामेंटांत आणि दोन मोसम खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबात. म्हणजे भीती घालायचं काम माझ्याकडे कधी नव्हतंच, भ्यायचं होतं. त्या खात्यात माझा अनुभव दांडगा आहे.

आधी लाथाळ बॅक उरकून घेऊ, कारण पालकांच्या डोक्यात तोच असतो. असा एक प्रत्येक गावात असतो. पहिल्या पाच मिनिटांत घोट्यावर एक ठेवून देतो, वर "बॉलच मारला" म्हणून रेफ्रीसमोर हात पसरतो. खरं सांगायचं तर असा बॅक समोर आला की मला मनातून बरंच वाटायचं. तो अंगावर येणार हे नक्की. येऊ द्यायचा, बॉल वीतभर बाजूला सारायचा, की हा आडवा पडून घसरत गेलाच. पावसाळ्यात आमच्याकडच्या लाल मातीचा असा रेंदा होतो की तो उठून उभा राहीपर्यंत इकडे गोल होऊन मिठ्या मारून झालेल्या असतात. दुखायचं, नाही असं नाही. पण दुखलं की राग येतो, आणि चिडलेला फॉरवर्ड दुप्पट पळतो.

24 सप्टेंबर 1983 ला बार्सिलोनात बिल्बाओच्या आंदोनी गोइकोएचेया या बॅकने मागून घातलेल्या टॅकलमध्ये मॅराडोनाचा घोटा मोडला. ते बूट त्याने घरी काचेच्या पेटीत ठेवले म्हणतात. मॅराडोना साडेतीन महिन्यांत परत मैदानात आला, आणि अडीच वर्षांनी मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपमध्ये त्याने जे केलं ते सगळ्या जगाने पाहिलं. पाय मोडला, माणूस काही भ्यालेला दिसला नाही.

यावर एक गृहस्थ, पक्के अर्जेंटिनावाले, मला हमखास अडवतात. (वर्ल्ड कप आला की गोव्यात घरांवर ब्राझील, पोर्तुगाल नि अर्जेंटिनाचे झेंडे चढतात. आपला संघ त्यात नाही याचं दुःख कुणाला फारसं दिसत नाही.) "मग जेंतिले?" म्हणतात. 1982 च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या क्लाउदिओ जेंतिलेने एका सामन्यात मॅराडोनावर 23 फाउल केले, लाल कार्ड मिळालं नाही, आणि इटली 2-1 ने जिंकली. इटालियन भाषेत 'जेंतिले' म्हणजे सौम्य, सभ्य. नावं ठेवणाऱ्यांचं कौतुक आहे.

पण तो सामना पुन्हा लावून बघा. फाउल सगळ्यांच्या लक्षात राहतात. बॉल पोचायच्या आधी जेंतिले कुठे आहे ते बघा. तो मॅराडोनाच्या पाठीला चिकटलेला आहे, आणि त्याचा सगळा आटापिटा एकाच गोष्टीसाठी चाललाय: या माणसाला तोंड फिरवू द्यायचं नाही. गोलकडे पाठ असलेला मॅराडोना म्हणजे आपल्यासारखाच एक माणूस. फाउल ही त्या कामाची मजुरी होती. आजचे रेफ्री असते तर त्याला अर्ध्या तासात बाहेर बसवलं असतं, हेही कबूल.

आता माझी गोष्ट.

सत्तरीतल्या एका गावात टूर्नामेंटची सेमी-फायनल होती. कापणी झालेलं शेत, दोन्ही अंगांना बांध हीच लाइन, गोलच्या मागे माड. आमच्यासमोरचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, चाळिशीचा. खाणीवर मशीन चालवायचा. जरासं पोट, शर्ट चड्डीत नीट खोचलेला. मी मनात म्हटलं, आज दोन तरी मारतो.

शिटी वाजायच्या आधी तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "जेवलो मरे?" मी म्हटलं, हो. "नुस्तें कितें आशिल्लें?" म्हणजे मासे कुठले होते. मी सांगितलं, तारले. त्यावर आमच्यात तारल्यांच्या भावावर थोडं बोलणंही झालं. मला तो माणूस आवडला.

पहिला बॉल आला, मी वळलो. त्याने पाय घातला नाही. हाताला लागेल न लागेल एवढ्या अंतरावर, अंग जरा तिरपं करून, चवड्यांवर, एकेक पाऊल मागे सरत उभा. घाई नाही. माझी डावी बाजू त्याने सताड उघडी ठेवली होती, जा म्हणून. आता माझा डावा पाय हा बसमध्ये चढण्यापुरताच होता. मी उजवीकडे कापायला गेलो, तिथे तो आधीच होता. बॉल त्याने नुसता उचलून घेतल्यासारखा काढून घेतला. दुसऱ्या वेळी मी मागे पास दिला. तिसऱ्या वेळी मी पुन्हा उजवीकडे गेलो, बॉल पुन्हा गेला, आणि माझ्याजवळून जाताना तो हळूच म्हणाला, "तुका दावो पांयच ना मरे." तुला डावा पायच नाही रे. शर्टाचं बटण उघडं आहे असं सांगावं तशा आवाजात. त्यात खुन्नस नव्हती. असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरचा सामना मी डाव्या पायाशीच खेळलो. बॉल येताना बॉलकडे लक्ष नाही, डावा पाय कुठे ठेवू याचा विचार. हाफटाइमला आमचे दादा, जे आमचे कोचही होते आणि खर्चही तेच करायचे, माझ्यावर ओरडले: "तू त्या बांधाशी जाऊन काय करतोस? गुरं राखतोस?" तोवर मला पत्ताच नव्हता की मी मध्यातून सरकत सरकत पार कडेला, त्या माणसाच्या नजरेबाहेर जाऊन उभा राहिलो आहे. कुणी ढकललं नव्हतं. पाय आपोआप गेले होते.

दुसऱ्या हाफमध्ये एक बॉल मला गोलसमोर एकट्याला मिळाला. तो दहा-बारा पावलं लांब होता, पोचूच शकला नसता. तरी मी घाईघाईत मारला. बॉल माडांत गेला. त्या साठ मिनिटांत त्याचा हात मला एकदाच लागला: शेवटी शेकहँड करताना.

तेव्हापासून बॅकचा धाक मोजायचा माझा एकच गज आहे. बॅककडे बघू नका, त्याच्यासमोरच्या फॉरवर्डकडे बघा. तो कुठे उभा राहायला लागलाय? बॉल मिळाल्यावर पुढे बघतो की आधीच मागे द्यायला माणूस शोधतो?

31 मार्च 2019 चा लिव्हरपूल-टॉटनहॅम सामना मी रात्री घरी टीव्हीवर पाहत होतो. 1-1, शेवटची पाच-सहा मिनिटं. टॉटनहॅमचे दोघे सुटले, सिसोको बॉल घेऊन आणि बाजूला सोन. मध्ये लिव्हरपूलचा एकटा बॅक, व्हॅन डाइक. कुठलाही घाबरट बॅक धावत सिसोकोच्या अंगावर गेला असता, पास सोनला, गोल. व्हॅन डाइक सोनकडचा रस्ता अंगाने अडवून मागे मागे सरत राहिला आणि उजव्या पायाच्या सिसोकोला त्याने डाव्या पायावर जाऊ दिलं. सिसोकोने डाव्याने मारला, बारवरून कितीतरी उंच. मी सोफ्यावरून उठलो आणि "तुका दावो पांयच ना मरे" असं मोठ्याने म्हणालो. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, कुणाशी बोलताय? त्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये एकालाही व्हॅन डाइकला ड्रिबल करून पार जाता आलं नव्हतं. मला त्यातला सूक्ष्म भाग असा दिसतो की पुढे पुढे बरेच जण प्रयत्नच करेनासे झाले.

व्हॅन डाइक उंच आहे, हे पालक मला लगेच सुनावतात. बरं. मग इटलीचा स्टॉपर कानावारो घ्या. पावणेसहा फूट. स्टॉपरसाठी ही उंची म्हणजे आमच्याकडे ट्रायलला दारातूनच परत. 2006 चा वर्ल्ड कप त्याच्या कप्तानीत इटलीने जिंकला तेव्हा सात सामन्यांत त्यांनी दोनच गोल खाल्ले, एक स्वतःच्याच माणसाचा आणि एक फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी. त्याच वर्षी बलोन द'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, या स्टॉपरला मिळाला. डॉर्टमुंडला जर्मनीविरुद्धच्या सेमी-फायनलची शेवटची मिनिटं आठवा. कानावारोने हेडर मारून बॉल बाहेर काढला. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबून श्वास घेतला असता. हा त्याच दमात पुढे झेपावला, पोडोल्स्कीच्या आधी बॉल गाठून तो घेऊन पुढे निघाला, आणि त्याच चालीत देल पिएरोचा दुसरा गोल झाला. असा बॅक समोर असला की फॉरवर्डला बॉल घेतानाच घाई होते. आणि घाई झाली की पहिला टच लांब पडतो. पुढचं मग बॅकला फारसं करावंच लागत नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मडगावचं फातोर्डा स्टेडियम. गोव्याच्या चर्चिल क्लबकडे ओडाफा हा फॉरवर्ड होता आणि धेंपो क्लबच्या मागच्या फळीत महेश गवळी नि समीर नाईक, त्या दिवसांतली गोष्ट. ओडाफा म्हणजे भिंतच. त्याच्याशी धक्काबुक्की करून कुणाचं भलं झालं नाही. गवळी मला आठवतो तो कधी धावपळीत दिसला नाही म्हणून. स्टँडमध्ये माझ्या शेजारचा कुरकुरायचा, "हा करतो काय नेमकं?" तो मान वळवून मागे बघायचा, दोन पावलं सरकायचा, आणि पास त्याच्याच पायाशी यायचा. धेंपोने 2005 ते 2012 मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या पाच लीग जिंकल्या. त्यांचा फॉरवर्ड रांती मार्टिन्स याचे गोल सगळ्यांच्या तोंडावर आहेत, या दोन पावलांची आठवण कुणी काढत नाही.

मागे गोलकीपर कोण आहे यावरही पुष्कळ असतं. 1983-84 ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांची स्पर्धा, गोव्याने एकही गोल न खाता जिंकली, गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर होते. मागे असा माणूस आहे म्हटल्यावर बॅकलाही धीर येतो, तो उगाच पाय घालत नाही.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. चुकल्यावर बॅकचा चेहरा कसा होतो ते फॉरवर्ड बघत असतो. एकदा चकवलं, आणि तो दुसऱ्याच कुणावर ओरडायला लागला किंवा मान खाली घातली, की तो आपला. काही जण मात्र चकवल्यावर नुसते परत जागेवर येतात, काही झालंच नाही असे. त्यांच्याकडे बघून पोटात गोळा येतो. 1994 च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीचा स्टॉपर, 34 वर्षांच्या फ्रँको बारेसीच्या गुडघ्यातली कुर्चा फाटली, ऑपरेशन झालं. दुखापतीपासून 24 व्या दिवशी तो पासाडेनाच्या उन्हात ब्राझीलविरुद्ध फायनल खेळला. समोर रोमारियो नि बेबेतो. 120 मिनिटं, 0-0. मग टायब्रेकरमध्ये इटलीची पहिलीच किक त्याने बारवरून मारली आणि इटली हरली. लोकांना ती किक आठवते. मला रोमारियो आठवतो, त्या वर्ल्ड कपात सगळ्यांना नाचवणारा, आणि त्या दुपारी गोलसमोरच्या चौकोनाच्या बाहेर बाहेर घुटमळणारा.

हे सगळं मी पालकांना सांगतो, पण दोन मिनिटांत. एवढं ऐकायला कुणाला वेळ नसतो. ते मान हलवतात आणि म्हणतात, "तरीपण सर, उंची आहे तर..." मी बाबूला बॅक करतो. आतापर्यंत सहा-सात बाबू झाले.

गेल्या चवथीच्या सुट्टीआधी म्हापशाकडची एक टीम आमच्याकडे फ्रेंडली खेळायला आली. तेरा-चौदा वर्षांची मुलं. त्यांचा नऊ नंबर चांगलाच तयार होता, दोन्ही पायांनी मारणारा. माझ्या दोन स्टॉपरांपैकी एक अर्थातच उंच बाबू, आणि दुसरा आमच्याकडचा सर्वांत बारका मुलगा. तो बारका फार बोलत नाही. बॉल लांब असला तरी सारखी मान वळवून मागे बघत असतो, एवढीच त्याची खोड. पहिली दहा मिनिटं नऊ नंबर त्याच्या बाजूने आला. दोनदा वळायला गेला, दोनदा बॉल गेला. एकदा त्याने बारक्याला खांद्याने पाडलं. हा उठला, गुडघ्याची माती झटकली आणि जागेवर जाऊन उभा राहिला. विसाव्या मिनिटाला मी पाहिलं तर नऊ नंबर बाबूच्या बाजूला जाऊन उभा. त्यांचे कोच ओरडत होते, "मध्ये ये रे, मध्ये!" तो दोन मिनिटं यायचा, की पुन्हा तिकडे. बाबूच्या बाजूने त्याने एक गोल केला. आम्हीही एक केला, 1-1 सुटलं.

पाणी पिताना बारका माझ्याजवळ आला, तोंड पाडून. म्हणाला, "सर, माझ्याकडे बॉलच आला नाही. पुढच्या वेळी मला फॉरवर्ड ठेवाल?"

मी म्हटलं, "बघू."